जयकरमध्ये बसतो, वर्गात जात नाही

पत्र थोडक्यात : परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचा हा विद्यार्थी बाविशीत आहे. बीएला कॉलेजात पहिला आला होता. पुण्यात गणेशखिंडीला, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात समाजविज्ञानातल्या एका विषयाच्या एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून गावाकडच्या एका सीनियरच्या हॉस्टेलच्या खोलीत 'पॅरासाइट' म्हणून, म्हणजे यादीत नाव नसताना लपूनछपून, राहतो. पहिल्या सेमिस्टरला एका पेपरात बॅक राहिली (म्हणजे नापास झाला), बाकीचे जेमतेम निघाले. सेमिनारला इंग्रजीत बोलताना अडखळला, मागे कुणीतरी हसलं, तेव्हापासून वर्गात जाणं जवळपास बंद आहे. रोज जयकर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात गावाकडच्या मित्रांबरोबर एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसतो. वडील कापूस-सोयाबीन करतात, महिन्याला पाच हजार पाठवतात आणि फोनवर विचारतात, "जमायलं का?" हा "जमायलं" म्हणतो. तो लिहितो : "तीन आठवडे वर्गात गेलो नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. माझी इथली लायकी नव्हतीच. बीएला पहिला आलो ते खोटं होतं का? एमए सोडून पूर्णवेळ एमपीएससी करू का? आणि घरी काय सांगू?"

आधी त्या तीन आठवड्यांचं बघू, कारण तुझ्या बाकीच्या निष्कर्षांचं मूळ मला तिथेच दिसतं.

तालुक्याच्या कॉलेजात दोन दिवस गेला नाहीस तर तिसऱ्या दिवशी सर एसटी स्टँडवर गाठून विचारतात, "का रे, दिसला नाहीस?" शिपाई तुझ्या वडिलांना ओळखतो, ग्रंथपालाला तुझा चुलत भाऊ माहीत असतो. गणेशखिंडीला असं होत नाही. ४११ एकरांचा परिसर, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे लाखो विद्यार्थी, त्यांचे फॉर्म, पेपर, निकाल. या कारभारात तू एक पीआरएन, म्हणजे नोंदणीचा नंबर आहेस. वर्गात पहिली आलेली मुलगीही नंबरच आहे. उद्या ती तापाने फणफणून तीन आठवडे आली नाही, तर विभागातून तिलाही फोन जाईल असं नाही. तिच्या मैत्रिणी मात्र करतील. तेव्हा कुणी विचारलं नाही यावरून तुझ्या लायकीबद्दल काहीच ठरत नाही. तुझी इथे अजून कुणाशी ओळख झालेली नाही, इतकंच त्यातून कळतं, आणि ती महिन्याभरात होऊ शकते.

हे असंच असावं असं मी म्हणणार नाही. घरातून पहिल्यांदाच इतक्या लांब शिकायला आलेल्या मुलाची मोठ्या विद्यापीठाने आपणहून विचारपूस करायला हवी. मेंटॉर शिक्षक नेमल्याचा कागद बहुतेक विभागांत सापडतो, पण आपला मेंटॉर कोण हे विचारायला जाणारा विद्यार्थी क्वचितच सापडतो. तू जाऊन विचार. आणि त्या मुख्य इमारतीसमोरून जाताना छाती दडपते असं लिहिलंयस, ते फार मनावर घेऊ नकोस. १८७१च्या सुमारास पूर्ण झालेली ती इमारत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांच्या मुक्कामासाठी बांधलेली. समोरून येणाऱ्याला आपण लहान आहोत असं वाटलंच पाहिजे, याची काळजी बांधणाऱ्याने घेतली असणारच. १९४९ साली पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि तिथे विद्यापीठ आलं, पण दगडांनी जुना स्वभाव सोडला नाही.

बीएला पहिला आलास ते खोटं नव्हतं. परीक्षा वेगळी होती. सरांनी सांगितलेल्या नोट्स, प्रश्नसंच, 'टीपा लिहा', 'कारणे द्या'. त्यासाठी लागणारी नियमितता, स्मरण आणि वेळेत पेपर पुरा करण्याची सवय तू कमावलीस, ती कुठे गेलेली नाही. विभागात मात्र कुणी नोट्स सांगत नाही. एका पेपरला दहा-बारा लेखांची यादी मिळते, त्यातले अर्धे पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडतात, आणि प्रश्न येतो : अमक्याचं म्हणणं तमक्याला का मान्य नाही आणि तुला कुणाचं पटतं? पुण्यातल्या जुन्या कॉलेजांतून आलेल्या मुलांना या प्रकाराचा थोडा वास बीएलाच लागलेला असतो, तुला तो आत्ता लागतोय. खेळाचे नियम बदललेत हे कुणी वर्गात उभं राहून सांगत नाही, हीच मेख आहे. आणि पहिल्या सेमिस्टरला एक बॅक राहणं ही तिथे इतकी मामुली गोष्ट आहे की तुझ्या सीनियरला विचारलंस तर तो स्वतःच्या दोन सांगेल.

आता सेमिनार. त्याचं वर्णन तू अर्धं पान केलंयस. विषय स्थलांतराचा. इंग्रजीत लिहून आणलेले कागद, तिसऱ्याच वाक्याला उच्चार अडला, मागच्या बाकावरून हसू आलं, मग तू घाईघाईत मराठीवर आलास, ऊसतोडीचं उदाहरण दिलंस आणि खाली बसलास. त्यानंतर एक ओळ आहे, जी लिहून तू लगेच पुढे निघून गेलास : "नंतर नाशिकच्या एका मुलीने कोयता म्हणजे नक्की काय ते विचारलं." माझ्या मते अख्ख्या पत्रातली महत्त्वाची ओळ ती आहे.

तुझे चुलते मुकादम आहेत, ऊसतोड मजुरांची टोळी घेऊन साखर कारखान्याला जातात, असं तू लिहितोस. म्हणजे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते, ती तोडणीतून फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर चढते, बाई आजारी पडली की खाडा (गैरहजेरीचा दंड) धरला जातो आणि दिवाळीनंतर पोरांची शाळा सुटते ती टोळी परत येईपर्यंत, हे सगळं तुला घरात बसून माहीत आहे. वर्गातल्या बहुतेकांना ते वाचून शिकायचंय, आणि उचल ही मजुरी असते की कर्ज, या प्रश्नाशी त्यांची गाठ परीक्षेच्या आदल्या रात्री पडणार आहे. तुझ्या घरी त्यावरून भांडणं झाली असतील. एमएच्या सध्याच्या रचनेत तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला संशोधन प्रकल्प असतो. लोक विषय शोधत विभागाच्या पायऱ्यांवर बसतात, तुझा घरात आहे. गावी जाशील तेव्हा चुलत्यांच्या शेजारी वही घेऊन बस. उचल किती, कुणाकडून, टनाला काय दर, मुकादमाचं कमिशन किती, फिटलं किती, राहिलं किती, हे एका हंगामाचं जरी नीट उतरवून आणलंस तरी ते दाखवायला तुला कुणाच्याही केबिनचं दार ठोठावता येईल. फक्त ते आपले चुलते आहेत म्हणून त्यांची बाजू घेऊ नकोस आणि ते मुकादम आहेत म्हणून त्यांना खलनायकही करू नकोस. दोन्हीचा मोह होईल.

हसणाऱ्यांचं काय? हसले असतील. बाविशीतली मुलं हसतात, आणि त्यातल्या निम्म्यांना आपली पाळी कधी येते याचीच धास्ती असते. सोड.

इंग्रजीचा प्रश्न मात्र खरा आहे, तो नुसत्या धीराच्या शब्दांनी सुटणार नाही. पहिलं काम : विभागाच्या कार्यालयात जाऊन पेपर मराठीत लिहिता येतो का ते विचार. मानव्य आणि समाजविज्ञानाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत तशी मुभा असते, आणि आश्चर्य म्हणजे वर्षभर न विचारता इंग्रजीत रडतखडत लिहिणारी मुलं दर बॅचला असतात. मुभा असेल तर बिनदिक्कत मराठीत लिही. मराठीत लिहिणाऱ्याला हात आखडून गुण देतात अशी कुजबुज तुझ्या कानावर येईलच. पण न समजलेल्या इंग्रजीत लिहिल्याने जे गुण जातात त्यांची बेरीज कुणी करत नाही.

वाचायला मात्र इंग्रजी लागणारच, तिथे पळवाट नाही. संकल्पना आधी मराठीत पक्की कर. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश जयकरमध्ये बसूनच बघता येईल, मराठी विश्वकोश तर मोबाइलवर फुकट आहे. मग लेख उघड. पहिल्यांदा फक्त सुरुवातीचे दोन परिच्छेद, उपशीर्षकं आणि शेवट वाच. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एक मराठी वाक्य लिही : 'हा म्हणतो की...'. शब्द अडला तर अधोरेखित कर आणि पुढे जा, दर शब्दाला डिक्शनरी उघडलीस तर चौथ्या पानापर्यंत पोचणार नाहीस. सुरुवातीला दिवसाला दोन-तीन पानं होतील. होऊ देत.

आणि एका शिक्षकाला गाठ. सगळ्यांना नको, एकच. ज्यांचं शिकवणं त्यातल्या त्यात कळतं ते सर किंवा मॅडम. जाताना गाऱ्हाणं घेऊन जाऊ नकोस, लिहिलेलं पान घेऊन जा. "मॅडम, मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. या लेखातलं मला एवढं कळलं, ते बरोबर आहे का बघाल?" 'मला काही समजत नाही' असं म्हणणाऱ्या मुलाला शिक्षक 'मेहनत कर' यापलीकडे काही सांगू शकत नाहीत. पान समोर ठेवलं की मात्र त्यांचा हात आपोआप पेनाकडे जातो. एखाद्याने वाटेला लावलं तर दुसरं दार आहे, विभागात एकच शिक्षक नसतो.

वर्गात न जाण्याची किंमत तुला कुणी मोजून दाखवलेली दिसत नाही, म्हणून सांगते. विद्यापीठाच्या विभागांत गुणांचा मोठा हिस्सा अंतर्गत मूल्यमापनाचा असतो : चाचण्या, असाइनमेंट, सेमिनार. हे गुण परीक्षेआधी रात्री जागून मिळत नाहीत, ज्या त्या आठवड्यातच मिळतात. तू जयकरमध्ये बसून घालवलेल्या तीन आठवड्यांत एखादी चाचणी झाली असेल तर तिची चौकशी आजच कर. बहुतेक शिक्षक उशिरा आलेली असाइनमेंट कुरकुरत का होईना घेतात, सेमिस्टर संपल्यावर मात्र कुणाच्या हातात काही राहत नाही. आणखी एक आकडा लक्षात ठेव : ५५ टक्के. नेट आणि सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा आणि सहायक प्राध्यापकाची नोकरी, यांसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ आणि राखीव प्रवर्गाला ५० टक्के लागतात. 'कसंबसं पास झालो' हे आज चालून जाईल, पण तिशीत ५३ टक्क्यांची मार्कशीट घेऊन हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत. सेट तर तुझं विद्यापीठच महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं, आणि तुझ्या विषयासारख्या विषयांना ती मराठीतून देता येते.

मग एमपीएससी. तू विचारलंस, करू का? मी उलट विचारते : सेमिनारच्या आदल्या दिवशी तुला एमपीएससीची राज्यसेवा परीक्षा द्यायची होती का? पत्रात तशी खूण नाही. जयकरच्या त्या टेबलावर परभणी-हिंगोलीची पोरं आहेत, आपली बोली आहे, चहाला पाच जण बरोबर असतात आणि उच्चाराला कुणी हसत नाही. माणूस तिथे ओढला जाणारच, त्यात काही वाईट नाही. पण ऊब मिळते म्हणून निवडलेली जागा आणि काम करायचंय म्हणून निवडलेली परीक्षा, यात पुढे चार वर्षांचं अंतर पडतं. काही शे जागांसाठी लाखांनी अर्ज येतात, हे तुझे मित्र तुला चहावर सांगत नसतील. परीक्षा कुठे पळून जात नाही, हेही ते सांगत नसतील. राज्यसेवेला पदवी लागते, ती तुझ्याकडे आहे. खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. शिवाय मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. गोळे काळे करून भागत नाही, मुद्दा मांडून पानंच्या पानं लिहावी लागतात. दोन बाजू मांडून स्वतःचं मत लिहिण्याची जी सवय विभागात लागते, तीच तिथे कामाला येणार. ज्या वर्गातून तू पळतोयस तिथेच तुझी अर्धी तयारी होऊ शकते, असं म्हटलं तर तुला गंमत वाटेल, पण हिशेब तसाच आहे.

समजा, इतकं करूनही एमए नकोच असं ठरलं. तरी आत्ता, सेमिस्टरच्या मध्यावर सोडू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचं एमए ८८ क्रेडिटचं (श्रेयांकांचं) आहे, आणि पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट पूर्ण केले की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. कमावलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे उन्हाळ्यात थांबलास तर हातात कागद असेल आणि परतीची वाट उघडी असेल. आज थांबलास तर दोन्ही नाही. निर्णय दुसऱ्या सेमिस्टरच्या निकालानंतर घे. तोवर जयकरमध्ये संध्याकाळी बस, दिवसा वर्गात.

'पॅरासाइट' हा शब्द तू पत्रात सहज लिहिलास, हॉस्टेलमध्ये सगळेच तसा वापरतात. मला त्याच्यापाशी जरा थांबावंसं वाटलं. दोन कॉटच्या मधल्या जागेत गादी टाकायची, उजाडायच्या आत ती गुंडाळून कॉटखाली सारायची, रेक्टरची फेरी आली की चप्पल हातात घेऊन जिन्याने खाली, अंघोळीला सगळ्यांच्या शेवटी. अशा रीतीने महिनोन्महिने राहणाऱ्याला आपण इथे चोरून आलोय असं वाटायला लागतं, आणि ते वाटणं खोलीतून वर्गापर्यंत बरोबर चालत येतं. वर्गातली तुझी जागा मात्र प्रवेशाच्या यादीत नाव लागून, फी भरून मिळालेली आहे.

त्यामुळे राहण्याचा प्रश्न अभ्यासापासून वेगळा धरू नकोस. पुढच्या वर्षीच्या हॉस्टेलसाठी गुण बघतात, तो आणखी एक मुद्दा. तुझा प्रवर्ग तू लिहिलेला नाहीस, म्हणून नेमकं सांगता येत नाही, पण वाटा आहेत : समाजकल्याण विभागाची वसतिगृहं, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. काहींचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर असतात, काहींचे वेगळ्या पोर्टलवर, आणि तारखा उलटून गेल्यावर कळण्याची परंपरा मोठी आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं वडिलांकडून आत्ताच मागवून स्कॅन करून ठेव.

विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना तुला माहीत असेलच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना केवळ पैशासाठी घेऊ नकोस, तासाचं मानधन काही फार नसतं. पण ग्रंथालयात किंवा एखाद्या विभागाच्या कार्यालयात काम मिळालं तर चार महिन्यांत तिथल्या माणसांना तुझं नाव माहीत होतं. फॉर्म कुठे अडलाय, कोणत्या मॅडम कधी भेटतात, कोणता सेमिनार खुला आहे, ही माहिती नोटीसबोर्डाच्या आधी तिथे पोचते. मुंबई विद्यापीठात कलिनाला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकणाऱ्या आणि असंच एकटं पडलेल्या वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे. अख्खं विद्यापीठ आपलंसं करायला जाऊ नका, ते कुणालाच जमत नाही. एक शिक्षक, एक काम, जेवायला बरोबर बसणारी दोन-तीन माणसं, एवढं पुरतं. तुझ्यासाठी त्यातलं एक नाव तयार आहे. नाशिकच्या त्या मुलीला कोयता नीट समजावून सांग आणि तिच्याकडून बुडालेल्या तासांच्या नोट्स माग. व्यवहार बरोबरीचा आहे, संकोच कसला?

घरी काय सांगायचं? आधी आईच्या कानावर घालावं असं तुला वाटेल. नको. आईकडून ते वडिलांपर्यंत पोचेस्तोवर 'पोरगं नापास झालं, परत येतंय' असं होईल आणि चुलते संध्याकाळी विचारायला येतील. पाच हजार वडील पाठवतात, त्यांनाच सांग. "पप्पा, एक पेपर राहिलाय. पुढच्या परीक्षेत परत देणार आहे. फॉर्मची फी लागेल, बाकी खर्च वाढणार नाही." काय झालं, काय करणार, किती लागणार. या क्रमाने बोललास की त्यांना घाबरायला जागा उरत नाही. फोनवर एवढंच, लायकी-बियकीची चर्चा नको. ते चिडले तर चिडू देत, एक फोन वाईट जाईल. सध्या रोज रात्री 'जमायलं' म्हणताना तुझे किती फोन वाईट जातायत ते बघ. आणि कदाचित ते चिडणारही नाहीत. शेती करणाऱ्या माणसाला गेलेल्या हंगामाबद्दल तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

पत्राच्या शेवटी, झोप लागत नाही आणि सकाळी उठावंसं वाटत नाही, असं दोन शब्दांत लिहिलंयस. हे पंधरा दिवसांत हललं नाही तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जा किंवा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन कर. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटलं तर पंधरा दिवसही थांबायचं नाही, त्याच रात्री फोन करायचा आणि खोलीतल्या सीनियरला उठवून सांगायचं.

राहता राहिला बॅकचा पेपर. त्याचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो का ते विचारून घे, नियमित फॉर्ममध्ये तो आपोआप येईल असं समजून दरवर्षी काही मुलं बसतात आणि मग विलंब शुल्क भरतात. शेवटची तारीख विभागाच्या फलकावर लागली असेल. उद्या वर्गात जाताना बघून घे. आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येत असेल तर मागव, गुण नेमके कुठे गेले ते तुझ्याच अक्षरात वाचायला मिळेल. तीच प्रत घेऊन तू गाठलेल्या त्या शिक्षकांकडे जाता येईल.